व्हाइटनिंग आणि बाँडिंग एकाच दिवशी करताय? माझं काय झालं ते वाचा

पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला आणि दात पिवळट, म्हणून गेले एका क्लिनिकमध्ये. तिथं पॅकेज होतं, आधी व्हाइटनिंग (म्हणजे ब्लीचिंग) आणि लगेच त्याच खुर्चीत बाँडिंग, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिन चिकटवून तुटलेला कोपरा भरणं. लगेच चालतं का असं मी विचारलं पण, तर म्हणे हो हो, आता टेक्नॉलॉजी पुढे गेलीय. फॉर्मवर सह्या घेतल्या, मी न वाचता केल्या (गाढवपणा माझा).

नवव्या दिवशी ब्रश करताना टक्कन आवाज आला आणि तुकडा बेसिनमध्ये. अख्खाच्या अख्खा, आतून गुळगुळीत, जणू कधी चिकटलाच नव्हता. फोन केला तर पहिला प्रश्न, "काहीतरी कडक चावलं असेल ना?" परत लावायचे परत पैसे.

मग दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी दात बघितला आणि विचारलं, ब्लीचिंग कधी केलेलं? त्याच दिवशी म्हटल्यावर गप्पच झाल्या. मग समजावलं की ब्लीचिंगच्या जेलमध्ये पेरॉक्साइड असतं, क्लिनिकमधलं तर चांगलं स्ट्राँग, त्यातला ऑक्सिजन काही दिवस एनॅमलमध्ये (दाताच्या वरच्या कडक थरात) राहतो आणि बाँडिंगचं रेझिन निळ्या लाईटखाली नीट घट्ट होऊ देत नाही, म्हणजे वरून कडक दिसतं पण दाताला टेकतं तिथंच कच्चं. ॲसिड लावून एनॅमल खरखरीत करतात, त्या बारीक खाचांत रेझिन शिरून पकड धरतं, ती पकडच येत नाही. म्हणून साधारण 2 आठवडे थांबतात, तेवढ्यात ब्लीचिंगने जरा मऊ पडलेलं एनॅमलही लाळेने सावरतं.

आणि शेडचं तर वेगळंच. ब्लीचिंगनंतर दात सुकलेले असतात त्यामुळे जास्तच पांढरे दिसतात, नंतर थोडा रंग उतरतो, बाँडिंगचं रेझिन मात्र आहे तस्संच राहतं. माझा तो कोपरा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच खडूसारखा उठून दिसत होता, मला वाटलं आरशावरच्या लाईटमुळे असेल!

मॅडमनी आणखी थांबवून मग नव्याने शेड बघून लावलं, ते टिकलंय.

पण डोकं फिरलं ते पुढे. जुन्या क्लिनिककडून माझ्या फाईलची कॉपी मागून घेतली, तर त्या फॉर्मवर अगदी बारीक अक्षरात छापलेलं, "बाँडिंगपूर्वी 2 आठवडे थांबण्याचा सल्ला पेशंटला दिला आहे." खाली माझी सही, तारीख त्याच दिवसाची. म्हणजे यांना सगळं माहीत होतं. पॅकेजचे पैसे परत मिळत नाहीत म्हणतात, आता तो तुकडा डबीत घालून ठेवलाय आणि तक्रार लिहायला बसलेय.