टिमकीतलं सावजी मटण, पहिल्यांदाच तिथे बसून

आधी नावाचं सांगते. खानावळीचं नाव मी लिहिणार नाही. लिहू का, असं काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नका टाकू जी नेटवर. आहे तेवढ्यांनाच पुरत नाही." सहा टेबलं आणि दोन शेगड्या सांभाळणाऱ्या बाईचा शब्द मला मोडायचा नाही. नागपूरकरांसाठी खूण एवढीच, की गोळीबार चौकातून टिमकीकडे आत शिरलं की सावजीच्या खानावळी लागतात, त्यातली ही. दारातच पाटा-वरवंटा आहे आणि तो शोभेचा नाही.

मी बँकेत आहे, कॅश माझ्या ताब्यात असते. त्या दिवशी संध्याकाळी कॅश जुळवायला बसलो तर २०,००० रुपये कमी. परत मोजली, तरी तेवढेच कमी. काउंटरवरची मुलगी नोकरीला लागून आठ महिने झालेली. तूट निघाली की ती कॅशियरला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, हे तिलाही माहीत. ती एक शब्द बोलत नव्हती, नुसती नोटा मोजत होती आणि तिचे हात थरथरत होते. दोन तास आम्ही सीसीटीव्ही बघितला. मग माझ्या डोक्यात आलं, की बरोबर २०,००० म्हणजे दोनशेच्या शंभर नोटा, म्हणजे एक अख्खं पाकीट. सुटे पैसे चुकून जास्त दिले गेले असते तर आकडा असा गोल आला नसता. काउंटरचा खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून काढला. मागच्या फटीत पिवळं पाकीट उभं अडकलेलं होतं. ती पोरगी खाली फरशीवरच बसली आणि रडली. मी तिला पाणी दिलं, वॉल्ट बंद केला, सह्या केल्या. बाहेर आले तेव्हा पावणेआठ झाले होते आणि दुपारचा डबा पिशवीत तसाच होता.

घरी जायचं होतं. सीताबर्डीला मेट्रोत चढलेही, पण घराच्या नाही, उलट्या दिशेच्या गाडीत. अग्रसेन चौकाला उतरले आणि ऑटोवाल्याला गोळीबार चौक सांगितलं. ठरवून काही केलं नव्हतं. ड्रॉवर ओढताना जी भूक लागली होती, ती सावजीचीच होती, एवढं मला कळत होतं.

लग्नाआधी हे जेवण आमच्याकडे महिन्यातून एकदा असायचं. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल. आता तिच्या जागेवर मॉल उभा आहे. पगाराच्या दिवशी वडील सायकलच्या हँडलला कडीचा डबा लटकवून जायचे आणि सावजी रस्सा घेऊन यायचे. आई तोवर भाकरी थापून ठेवायची. डबा उघडला की वर लालसर काळ्या तर्रीचा थर, मटण दिसायचंच नाही. आम्ही बहिणी ते घरात बसून खायचो. खानावळीत बसायचे ते पुरुष. तिथे पिणं चालायचं, बायकांनी पायरी चढायची नाही, असाच रिवाज होता. मग लग्न झालं ते माळकऱ्यांच्या घरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्याची मला कधी अडचण वाटली नाही. त्यांच्या स्वयंपाकघराचा मी मान ठेवते आणि त्यांनी माझ्या बाहेरच्या खाण्याची कधी चौकशी केली नाही. पण हॉटेलात सहकाऱ्यांबरोबर चिकन खाणं वेगळं आणि सावजी वेगळं. ते १९ वर्षांत खाल्लं नव्हतं.

दारात थांबले तर आत सगळे पुरुषच. काकूंनी शेगडीपासून मान वर केली.

"एकट्याच आल्या का ताई?"

"हो. पार्सल नको, बसून जेवायचं आहे."

"मग बसा ना जी. तिथं पंख्याखाली बसा." आणि तिथे बसलेल्या दोघांना म्हणाल्या, "सरका रे भाऊ थोडं." ते लगेच सरकले. कोणी टक लावून पाहिलं नाही. एकट्या बाईनं जावं की नाही, असा प्रश्न कोणाला पडत असेल, तर माझा अनुभव असा आहे.

मी मटणाची प्लेट, दोन भाकरी आणि भात मागवला. मटण स्टीलच्या खोलगट ताटलीत येतं, पाच तुकडे, त्यात एक नळी. रस्सा वेगळ्या वाटीत आणि तो एकदा मागून मिळतो. बाजूला कांदा आणि लिंबाची फोड.

पहिला घास मी रस्स्यात नुसती भाकरी बुडवून घेतला. लोकांना वाटतं, सावजी म्हणजे जाळ. खरं सावजी आधी तिखट लागतच नाही. आधी येतो भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा आणि खसखशीचा दाटपणा, मग दगडफुलाचा तो मातकट, धुरकट वास. घास गिळला की घशाच्या मागच्या बाजूला मिरी आणि लवंग. मिरची सगळ्यात शेवटी येते, आणि ती जिभेवर नाही, कानांच्या पाळ्यांवर येते. तिसऱ्या घासाला कपाळावर घाम आला. तेव्हाच ज्वारीची भाकरी गोड लागायला लागली. हे जेवण भाकरीशिवाय समजतच नाही. पोळीबरोबर खाल तर अर्धी गंमत हुकेल.

मटण हाडापासून सुटत होतं, पण त्याचा लगदा झाला नव्हता. चरबीचा एक तुकडा कडेला होता, तो मसाला पिऊन गर्द तपकिरी झाला होता. तो मी शेवटी ठेवला. नळी ताटावर ठोकली, मज्जा भातावर पडली, वर रस्सा ओतला आणि हातानं कालवलं. कालवताना लक्षात आलं, की मघापासून डोक्यात जो आकडा फिरत होता तो आता फिरत नाही. बोटांना रस्स्याचा चटका बसत होता, नाक वाहत होतं, आणि त्या अर्ध्या तासात दुसरा कुठलाही विचार मनात आला नाही.

निघताना काकूंना मसाल्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, "मसाला मीच वाटते पाट्यावर. पोरं म्हणतेत मिक्सर घ्या. मिक्सरमध्ये मसाला गरम होते, वास उडून जाते." रस्स्याला दाटपणा यावा म्हणून ज्वारीचं पीठ लावतात, तेही सांगितलं. पूर्वी हा स्वयंपाक जवसाच्या तेलात व्हायचा. आता त्या शेंगदाण्याचं तेल वापरतात, कारण जवसाचा वास नवीन गिऱ्हाइकाला सोसत नाही. मला तो वास हवा होता. माझ्या आठवणीतल्या तर्रीला तो कडवट तळ होता आणि इथे तोच एक कमी पडला.

हे मूळचं हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांच्या घरचं जेवण आहे. हातमागाचं काम कमी होत गेलं तशी बायकांच्या हातची ही चव घरच्या ओसरीवरून विकली जाऊ लागली. म्हणून मला हायवेवरच्या त्या 'सावजी' पाट्यांचा राग येतो. तिथे लाल रंग आणि मिरचीची पूड ओतलेला कुठलाही रस्सा या नावानं खपवतात. पर्यटक तो खातात, पोट धरतात आणि सावजीला नावं ठेवतात. ज्या बाईनं दोन तास खोबरं-कांदा भाजून, पाट्यावर वाटून हा रंग आणलेला असतो, तिच्यावर तो अन्याय आहे.

उणं म्हणाल तर भात गार होता, गरम रस्स्याखाली तो जाणवतो. हात धुवायचं बेसिन मागच्या अंगणात आहे आणि तिथे दिवा हवा. बिल ३५० रुपये झालं: मटण २६०, दोन भाकरी ४०, भात ५०. मटणाच्या आजच्या भावात मला ते रास्त वाटलं. मटण न खाणाऱ्यांसाठी पाटवडी रस्सा आणि डाळकांदा असतो. शेजारच्या टेबलावरच्या डाळकांद्यावर तर्री उत्तम दिसत होती, पण मी चाखला नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही. शिजतं मात्र सगळं त्याच दोन शेगड्यांवर, वेगळी भांडी हवी असतील तर आधी विचारून घ्या.

घरी पोचले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. जवळून गेले तशा म्हणाल्या, "हाताला लिंबू चोळ, साबणानं नाही जात तो वास." आणि माझ्यासाठी काढून ठेवलेलं ताट त्यांनी न बोलता झाकून टाकलं.

जायचं असेल तर साडेसातच्या आत जा. मी आठ वाजून गेल्यावर पोचले तेव्हा कलेजी संपली होती. रविवारी बसायला जागा मिळत नाही, पार्सल न्यायचं तर घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या रस्स्याची चव जाते. खूर फक्त शुक्रवारी असतात. या शुक्रवारी आमच्या कॅशियर पोरीला घेऊन जाणार आहे. तिनं अजून सावजी खाल्लेलं नाही.