मुलाचं थेरपी सेंटर, आठ महिन्यांनंतर : 5 पैकी 3 स्टार

लेकाला अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं, डॉक्टर म्हणाल्या वाट बघू नका लगेच सुरू करा, म्हणून पुण्यातलं घराजवळचं एक सेंटर धरलं, नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी मॅडमनी आठवड्याला 40 तासांचं पॅकेज पुढं केलं, म्हणे रिसर्च आहे. तो रिसर्च म्हणजे 1987 चा, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांचा, त्यात 19 पैकी 9 मुलं साध्या शाळेत पहिली पास झाली, पण मुलं चिठ्ठ्या टाकून गटात वाटलेली नव्हती, म्हणजे तुलना तेवढी पक्की नाही, हे काही मॅडम सांगत नाहीत. आम्ही 6 तास घेतले, तेवढ्यातच कंबरडं मोडलं.

पहिले तीन महिने केबिनचं दार बंद, आईबाप बाहेर बाकड्यावर. रिपोर्टात सगळं 80-90 टक्के. घरी आजी विचारते "नाक कुठंय रे सोन्या?" तर हा ढिम्म! एकदा मी सहज "टच नोज" म्हटलं आणि झटकन बोट नाकावर. म्हणजे पोराला येत होतं, पण फक्त त्या केबिनच्या इंग्लिशमध्ये. वर सल्ला काय, तर घरी मराठी बंद करा. आता आजी नातवाशी इंग्लिश बोलणार का?? नाही ऐकलं.

चौथ्या महिन्यात थेरपिस्ट बदलली, तिथून खरं सुरू झालं. नव्या ताईंनी टेबल भिंतीला लावलं, जमिनीवर बसल्या, मला आणि सासूबाईंना आत घेतलं. साबणाच्या फुग्यांची बाटली, झाकण मुद्दाम गच्च. थोडे फुगे सोडायचे, झाकण लावून बाटली त्याच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. मी उघडायला हात पुढं केला की ताई डोळ्यांनीच दटावायच्या. बाराव्या की तेराव्या दिवशी त्यानं बाटली आजीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला "उघ". आजी झाकण उघडायचंच विसरली.

हे तीन स्टार त्या ताईंचे. फी भरायच्या आधी विचारा, पालकांना आत बसू देतात का, आणि थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन बघा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा वर्षाला 1 लाखापर्यंत आहे, थेरपीचे काही पैसे निघतात, अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं. बिलं मात्र दर महिन्याला मागून घ्या, आम्हाला तीनदा खेटे घालावे लागले.