शाळेची सहल परळच्या हाफकिनला न्यायची का? नक्की न्या

आमची शाळा मुरबाड तालुक्यातली, पोरं बहुतेक भातशेतीवाल्या घरातली. यंदा नववीची सहल वॉटर पार्कऐवजी लसी आणि औषधांवर काम करणाऱ्या, परळच्या हाफकिन संस्थेत न्यायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण पावसाळ्यात साप चावलेला माणूस आमच्याकडे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरात असतोच. एसटीने कल्याण, तिथून स्लो लोकलने परळ, मग केईएम रुग्णालयाच्या बाजूने चालत. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावरचीच गाडी धरा, पोरं घेऊन आधी चढायला जाऊ नका.

पोहोचल्यावर आधी इमारत नीट बघू द्या, घाई करू नका. हा एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला, त्याच्याही आधी पोर्तुगिजांच्या काळात इथे चर्च. 1896 ला मांडवीत प्लेग सुरू झाला, शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे ऐकल्यावर आमची पोरं एकदम गप्प झाली आणि मग प्रश्नांवर प्रश्न, त्यांना ताप आला का, घरचे काय म्हणाले, भीती नाही वाटली का. 1899 पासून प्रयोगशाळा या बंगल्यात आली, आणि प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो हे पक्कं करण्याचं मोठं कामही इथेच झालं. इतिहासाच्या पुस्तकात पोरांनी प्लेग वाचलाय तो फक्त रँड आणि चाफेकरांपुरता, त्यामुळे लसीची बाजू त्यांना पूर्ण नवीन होती.

पण खरी सहल म्हणजे सर्पदंशावरच्या औषधाचा भाग. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर मिळून एकच औषध. विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला देतात, हळूहळू वाढवत नेतात, घोड्याच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे विषाला निकामी करणारे घटक, तयार होतात आणि त्या वेगळ्या काढून औषध बनतं. आमच्या एका मुलीने लगेच विचारलं, घोडा मरतो का? नाही मरत, डोस वाढवतात तोच मुळी त्याला सोसेल अशा बेताने. फुरसं अंगाला अंग घासून करकर आवाज काढतं हे मात्र आमच्याच एका पोराने सगळ्यांना करून दाखवलं, वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा तो, मला फार बरं वाटलं.

दोन गोष्टी पोरांनी घरी जाऊन सांगितल्याच पाहिजेत असं मला वाटतं. लहान मुलाला साप चावला तरी औषध मोठ्या माणसाइतकंच लागतं, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं, मूल लहान आहे म्हणून डोस कमी होत नाही. आणि मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही फारसं, त्यामुळे पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कोणी म्हणालं तर भगताकडे न नेता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं. आणखी एक, आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडा हा विषारी साप या चारांत येत नाही, म्हणजे हे औषध त्याच्यासाठी नाही, हे आमच्या कित्येक शिक्षकांनाही माहीत नव्हतं.

प्रत्यक्ष औषध बनतं तिथे आम्हाला नेलं नाही आणि पोरांना नेऊही नये, तिथली स्वच्छता सांभाळावी लागते. त्यामुळे पांढरे कोट आणि मशीनच बघायची असतील तर ही सहल तुमच्यासाठी नाही, इथे ऐकायचं आणि विचारायचं जास्त आहे. म्हणून अँटीबॉडी म्हणजे काय हे आधी वर्गात शिकवूनच न्या, प्रश्न वहीत लिहून आणायला लावा, आणि पाचवी-सहावीला अजिबात नको, आठवी-नववी बरोबर.

परवानगीचं पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने बरंच आधी पाठवा. पत्ता लिहिताना लक्ष द्या, त्याच आवारात हाफकिन संस्था वेगळी आणि 1975 ला वेगळं झालेलं हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ वेगळं, आपल्याला पत्र संस्थेच्या नावाने द्यायचंय. डबे घरूनच घ्या.