इंग्लिश कंट्री डान्स: घरी व्हिडिओवर की कॉलरच्या (चाली पुकारणाऱ्याच्या) हाकेवर?

या जुन्या इंग्लिश लोकनृत्यातली ‘सेट अँड टर्न सिंगल’ ही आकृती (ठरलेली चाल) व्हिडिओ पाहून एकट्यानेही बसते: उजवीकडे पाऊल, डावीकडे पाऊल, मग स्वतःभोवती छोटी गिरकी. ‘हे’ (hey) नावाची आकृती मात्र नाही. वेणीसारखं एकमेकांच्या आतून-बाहेरून जायला किमान तीन माणसं हवीतच. शिवाय इंग्रज प्रकाशक जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये छापलेल्या या नाचांच्या सूचना इतक्या त्रोटक, की ‘साइडिंग’चे (जोडीदाराच्या बाजूला जाऊन परतण्याचे) आजही दोन पंथ आहेत: लोकनृत्य-संग्राहक सेसिल शार्पचं वळणदार आणि नृत्यरचनाकार पॅट शॉचं सरळ पुढे-मागे. व्हिडिओत एकच दिसणार! लंडनच्या सेसिल शार्प हाउससारख्या ठिकाणी कॉलर आधी आकृत्या चालवून घेतो, मग संगीतावर हाका देतो. गोंधळलात तर समोरचा जोडीदारच वळवतो. मी कॉलरकडेच जाईन. व्हिडिओ फार तर आदल्या रात्रीच्या उजळणीपुरता.