पायपुसण्यावर पालघट

मी डहाणू तालुक्यातला वारली चित्रकार. तीन वर्षांपूर्वी मुंबईचा एक व्यापारी घरी आला, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि घरात तयार असलेली बारा चित्रं रोखीने घेऊन गेला. जाताना इंग्रजीत टाइप केलेल्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली. "पैसे मिळाल्याची पावती आहे," म्हणाला. मी कुणाकडून वाचून घेतली नाही.

गेल्या वर्षी भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवला. माझा लग्नाचा चौक, पायपुसण्यावर छापलेला! आमच्यात चौक सुवासिनी लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, मधोमध पालघट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. त्या देवीवर लोक चपला पुसणार. आई त्या दिवशी जेवली नाही.

व्यापाऱ्याला फोन केला. म्हणाला, "वारली ही परंपरा, तिला मालक नसतो. आणि तू सही दिली आहेस." मालकच नसेल तर सही कशाला घेतली?

वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, म्हणजे आपण सुरक्षित, असं मला वाटायचं. वकीलबाईंनी समजावलं: जीआय वारली या नावाला जपतो. माझ्या एका चित्राची नक्कल अडवायची तर कॉपीराइट लागतो. तो चित्र काढताच माझा होतो, नोंदणी नसली तरी, आणि नुसतं चित्र विकल्याने जात नाही.

मग माझा गेला कसा? कागदात लिहिलं होतं, ही चित्रं "ऑर्डरवरून" काढली. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे घेऊन ऑर्डरवर काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याचा. त्या एका खोट्या शब्दासाठी सगळा खटाटोप होता. तुमच्या कागदात हा शब्द आधी शोधा.

तरी कलम 57 उरतं. कॉपीराइट गेला तरी चित्रकार म्हणून नाव सांगण्याचा आणि आपल्या मानाला धक्का लागेल अशी चित्राची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क आपलाच. त्यावर नोटीस धाडली आहे.

चित्रं तो येण्याआधीची होती, हे सिद्ध करायचं आहे. बारापैकी चारांचेच जुने, तारखेचे फोटो मोबाइलमध्ये सापडले. त्यांत चौक नाही.