वर्षाची पंधरा गाणी ठेवायची कुठे?

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी त्या वर्षातली माझी पंधरा गाणी ठरवतो. पंधराच का, तर त्याला कारण कॅसेट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅसेट भरून देणारं दुकान होतं. कागदावर गाण्यांची नावं लिहून द्यायची आणि आठवड्याने कॅसेट घेऊन यायची. ९० मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं. गाणं सहा मिनिटांचं धरलं तर एका बाजूला सात बसायची, दुसऱ्या बाजूला ओढूनताणून आठ. दुकान गेलं, कॅसेट गेली, आकडा तेवढा राहिला. आताची गाणी तीन-साडेतीन मिनिटांत संपतात, त्या हिशेबाने यादी पंचविसावर जायला हवी. पण सवय ती सवय.

यंदा भाचीचा फोन आला. "मामा, तू तुझी यादी ठेवतोस कुठे? माझी गेल्या वर्षीची गेलीच." तिने ॲप बदललं होतं आणि यादी जुन्या ॲपवरच राहून गेली होती. आता तिला परत यादी करायची होती, पण कुठे, ते ठरत नव्हतं. फोनवर मी तिला तासभर पिडलं. तेच इथे जरा शिस्तीत मांडतो, कारण याच पेचात पडलेले आणखी दोघं-तिघं मला माहीत आहेत.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. गाणी ऐकायला काय बरं आणि गाणी ठेवायला काय बरं, या दोन प्रश्नांची गल्लत होते. ठेवण्यासाठी माझी परीक्षा साधी आहे. दहा वर्षांनी यादी उघडली तर गाणं वाजेल का? आणि नाहीच वाजलं, तर ते कोणतं होतं एवढं तरी कळेल का?

ॲपवरची प्लेलिस्ट

ऐकायला आणि शोधायला याला तोड नाही, हे आधीच कबूल. २०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' लग्नाच्या मांडवापासून रीलपर्यंत सगळीकडे वाजलं. त्याच्यामागे चित्रपट नव्हता. अशी गाणी फोनवरच जन्मतात आणि फोनवरच वाढतात. २०२२ मध्ये 'चंद्रमुखी'तली 'चंद्रा' आणि 'बाई गं' या दोन गाण्यांपैकी एकच घ्यायचं असं मी ठरवलं होतं. आठवडाभर रोज संध्याकाळी दोन्ही पाठोपाठ ऐकली. श्रेया घोषालची 'चंद्रा' मंचासाठी आहे, समोर पब्लिक असल्याशिवाय तिची मजा नाही. आर्या आंबेकरचं 'बाई गं' दिवे मालवल्यावरचं. मी 'बाई गं' घेतलं. असं शेजारी-शेजारी लावून ऐकणं कॅसेटवर कुठलं व्हायला! उलटसुलट फिरवण्यातच संध्याकाळ गेली असती.

पण ठेवायचं म्हटलं की ॲप हे भाड्याचं घर. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं, आणि दोन-तीन महिन्यांत सारेगामाची गाणी तिथून गेली. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. मराठी भावगीतांचं अर्धंअधिक कपाट तिच्याकडे. ती परत यायला २०२० उजाडलं. मार्च २०२३ मध्ये परवान्याची बोलणी फिसकटली आणि झी म्युझिकची गाणीही स्पॉटिफायवरून काढली गेली. 'सैराट'ची चारही गाणी याच कंपनीची. २०१६ ची यादी केलेल्या मराठी माणसाकडे त्या चारांतलं एकही गाणं नाही, असं मला तरी कोणी भेटलेलं नाही.

ही झाली गाण्यांची गोष्ट. कधी अख्खं दुकानच उठतं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये संपलं, रेसो भारतात जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं, आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळलं. यादी दुसरीकडे नेता येते, नाही असं नाही. पण त्यासाठी मुदतीच्या आत जाग यावी लागते, आणि नव्या ठिकाणी तीच गाणी असावी लागतात.

'मी तर डाउनलोड करून ठेवलीत' असं भाची म्हणाली. तो डाउनलोड आपला नसतो. फाइल ॲपच्या कुलपात असते. वर्गणी थांबली की ती वाजत नाही, आणि स्पॉटिफायवर तर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं.

वर्षअखेरीस ॲप स्वतःच यादी करून देतं, तिचा मोह टाळा. ३० सेकंद वाजलं की तिथे गाणं एकदा ऐकलं असं धरतात. गणपतीत आमच्याकडे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आरत्यांची प्लेलिस्ट लागते, त्यामुळे माझं वर्षातलं सर्वांत लाडकं गाणं 'सुखकर्ता दुःखहर्ता' ठरलं. बाप्पाची हरकत नसावी, पण ती काही माझी निवड नव्हे. शिवाय ही मोजदाद वर्ष संपायच्या कितीतरी आधी थांबते. 'वेड' ३० डिसेंबर २०२२ ला लागला. त्याची गाणी कोणत्या वर्षात धरायची, यावर माझा निकाल अजून लागलेला नाही, यंत्राचा कुठून लागणार?

यूट्यूब

इथे जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. गावच्या जत्रेतलं भारूड, बँजो पार्टीने मिरवणुकीत वाजवलेला तुकडा, मैफलीत कोणीतरी तिसऱ्या रांगेतून मोबाइलवर टिपलेला तराणा. माझ्या पंधरांत दर वर्षी असं एखादं तरी असतं, आणि बऱ्याचदा तेच सगळ्यांत जवळचं असतं.

पण ठेवायच्या परीक्षेत यूट्यूब साफ नापास, आणि नापास होतं दुसऱ्या प्रश्नात. व्हिडिओ काढला गेला की यादीत त्याचं नावसुद्धा उरत नाही. 'व्हिडिओ डिलीट झाला आहे' एवढी राखाडी ओळ दिसते. माझ्या एका जुन्या यादीत नवव्या क्रमांकावर अशी ओळ आहे. ते गाणं कोणतं होतं हे मला आजतागायत आठवलेलं नाही. आठवं आठवतं, दहावं आठवतं, मधलं कोरं. गाणं जाण्यापेक्षा हे जास्त झोंबतं.

यूट्यूबवरून गाणं उतरवून देणाऱ्या फुकट साइटवर '३२० केबीपीएस' असं झोकात लिहिलेलं असतं. केबीपीएस म्हणजे सेकंदाला आवाजाची किती माहिती साठवली आहे त्याचं माप. परवान्याचा प्रश्न सोडा, नुसत्या कानाचा विचार करा. यूट्यूबवर आवाजच मुळात १२८ ते १६० केबीपीएसच्या आसपासचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फाइल फुगते, आवाज तोच राहतो.

विकत घेतलेली फाइल

माझा कौल इकडे आहे.

२०१२ च्या फेब्रुवारीत फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. पाच-दहा रुपयांना गाणं, कुलूप नसलेली एमपी३. जून २०१३ मध्ये ते बंद झालं, जेमतेम सव्वा वर्ष चाललं. पण तिथून घेतलेली गाणी आजही वाजतात, कारण ती दुकानात नसून माझ्या डिस्कवर आहेत. फरक आहे तो एवढाच.

आज कुलूप नसलेलं मराठी गाणं विकत घ्यायचं तर हातचा पर्याय म्हणजे ॲपलचं आयट्यून्स स्टोअर. ते भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं. तिथे २५६ केबीपीएसची एएसी (एमपी३ सारखीच दाबलेली) फाइल मिळते, ती कुठल्याही फोनवर चालते. चित्रपटाबाहेर स्वतःची गाणी करणारे काही जण बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार थेट गाणी विकतात त्या साइटवर, असतात. तिथे एफएलएसी (आवाजातलं काही न गमावता दाबलेली) फाइल मिळते, आणि दिलेल्या पैशांतला सरासरी ८० टक्क्यांहून थोडा जास्त वाटा कलाकाराच्या हातात जातो. मराठी माल तिथे फार नाही, हे मान्य. पंधरांपैकी दोन-तीन गाणी कुठेच विकत मिळणार नाहीत, याचीही तयारी ठेवा.

जागेचा बाऊ करू नका. ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. माझी यादी कॅसेटसारखी ९० मिनिटांची धरली तरी सव्वादोनशे एमबीच्या आत बसते. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर अशा सत्तर वर्षांच्या याद्या मावतील, तेवढ्या करायला आयुष्य हवं. एफएलएसी घ्याल तर जागा दुप्पट-तिप्पट लागेल. दोन्हींतला फरक मला माझ्या हेडफोनवर डोळे मिटून सांगता आला नाही, आणि ब्लूटूथवर ऐकणार असाल तर तो वाद घालूच नका, तिथे आवाज पुन्हा दाबला जातो. पण जुन्या फाइली पुढे दुसऱ्या रूपात बदलायच्या झाल्या तर एफएलएसी हाताशी असलेली बरी.

तोटा एकच, सांभाळणं आपल्या गळ्यात पडतं. हार्ड डिस्क न सांगता मरते. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं खणात पडून राहिला तर त्याचाही भरवसा नाही. म्हणून प्रती दोन, आणि एक प्रत दुसऱ्या घरात. माझी दुसरी प्रत आईकडे असते. तिच्या कारवाँला, म्हणजे सारेगामाच्या जुनी गाणी भरलेल्या रेडिओला, यूएसबीची खाच आहे, तिथे पेन ड्राइव्ह लावला की माझी यादी वाजते. फुकटात प्रत तपासली जाते. एखादं गाणं अडकलं तर संध्याकाळच्या आत तिचा फोन येतो.

सीडी, एलपी आणि ती जुनी कॅसेट

याच्यावर जास्त वेळ घालवत नाही. एलपीच्या एका बाजूला जेमतेम २०-२२ मिनिटं मावतात आणि ती घरी भरता येत नाही. अख्खा अल्बम आवडला असेल आणि हजारो रुपये खर्चायची तयारी असेल तर जरूर घ्या, भिंतीवर शोभते. वर्षभरातून वेचलेल्या गाण्यांसाठी ती नाही.

दुकानात मिळणारी छापील सीडी अजूनही उत्तम. त्यावरून फाइल उतरवून घेता येते आणि मूळ प्रत कपाटात राहते. फक्त आजकालच्या लॅपटॉपला ती घालायची जागाच नसते. घरी भरलेल्या सीडीचं मात्र काही सांगता येत नाही. तिच्यातल्या रंगाचा थर कालांतराने खराब होतो. माझ्या २००५ च्या आसपासच्या पाच सीडींपैकी दोनच आता वाचल्या जातात, बाकीच्या फिरतात आणि थांबतात.

कॅसेट? ९० मिनिटांची फीत ६० मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, म्हणून टेप ती लवकर खायचा. दुकानदार सांगायचा, साठचीच घ्या. मी ऐकलं नाही, आणि पेन्सिल घालून रीळ गुंडाळण्यात कितीएक रविवार घालवले. पण त्या कॅसेटच्या आतला कागद अजून शाबूत आहे. दुकानदाराच्या गिचमिड अक्षरात पंधरा नावं. फीत चिकटली, आवाज गेला, तरी मला त्या वर्षी काय आवडलं होतं ते पक्कं माहीत आहे.

मग काय करायचं

वर्षभर फक्त ऐकत राहायचं असेल आणि यादी ही नव्या वर्षाच्या पार्टीपुरती असेल तर ॲपवरच ठेवा. महिन्याची वर्गणी त्यासाठी महाग नाही. कुणाला यादी पाठवायची असेल तरी ॲपच सोयीचं, दुवा टाकला की झालं. मुलाबाळांना दाखवण्यासाठी ठेवायची असेल तर फाइल. मैफली, भजनं, लोककला असं काही यादीत असेल तर यूट्यूबला पर्याय नाही, पण नाव त्याच दिवशी दुसरीकडे लिहून घ्या.

भाचीने काय केलं तर ॲप चालू ठेवलं, सहा गाणी विकत घेतली आणि एक वही आणली. सहाच का, विचारलं, तर म्हणाली बाकीची नऊ पुढच्या वर्षी तिला आवडतीलच याची खात्री नाही. हे मला सुचलं नव्हतं.

वहीत काय लिहायचं, ते मात्र मी तिला सांगितलं. गाण्याचं आणि चित्रपटाचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार, कोणत्या कंपनीचं, आणि मिनिटं-सेकंद. लांबी लिहाच. आजकाल एकाच गाण्याची चित्रपटातली आवृत्ती वेगळी, अल्बममधली वेगळी, शिवाय कुणी संथ करून टाकलेली तिसरी. आपण कोणत्या गाण्यावर जीव टाकला होता, ते कधीकधी लांबीवरूनच ओळखू येतं. पहिल्यांदा कुठे ऐकलं तेही एका ओळीत.

आणि फाइलींना क्रमांक देताना १, २, ३ असे देऊ नका. ०१, ०२, ०३ असे द्या. नाहीतर कारवाँवर पहिल्यानंतर थेट दहावं वाजतं, आणि आईचा फोन येतो.