१ ग्रॅमचा डिजिटल किचन काटा: पिठाला उत्तम, यीस्टला कच्चा

५ किलोपर्यंत, एकेका ग्रॅमच्या फरकाने तोलणारा हा काटा रोजच्या पाककृतींसाठी घ्यावाच. हलक्या हाताने भरलेल्या कपात मैदा १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला की १५०. मळलेला गोळा कधी चिकट, कधी कोरडा होतो तो यामुळेच. भांडं ठेवा, टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबा, मैदा घाला, पुन्हा टेअर, मग पाणी. १ मिली म्हणजे १ ग्रॅम, मापाचा पेला लागतच नाही. (तेलाला हा हिशेब लावू नका, ते हलकं असतं.)

अडचण यीस्टची. ३ ग्रॅम यीस्ट चिमटीचिमटीने टाकलं की आकडा शून्यावरच बसून राहतो, कारण इतका बारीक बदल काटा आपोआप शून्यात जिरवतो. एकदम ओता, नाहीतर ०.१ ग्रॅमचा छोटा काटा वेगळा घ्या. मऊ कापडावर मात्र ठेवू नका, वजन चुकतं.